विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर: प्रत्येकाची बरणी वेगळी

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिमकडे सतत काहीतरी मागत असतो: फाइल उघड, खिडकी काढ, अक्षरे उमटव. ही मागणी विंडोजच्या ठरावीक भाषेत असते आणि लिनक्सला ती भाषा येत नाही. मधल्या दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपॅटिबिलिटी टूल म्हणतात.

यांतले मूळ सॉफ्टवेअर म्हणजे वाइन. 1993 मध्ये बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी ते सुरू केले. 1994 पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. 1.0 ही आवृत्ती यायला 2008 साल उजाडले. विंडोजच्या हजारो फंक्शन्सचे वर्तन पारखून ती नव्याने लिहायची, हे काम तितके अवघड होते. वाइन संगणकाची नक्कल उभी करत नाही. प्रोग्रामच्या सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या तेवढ्या वाइन पुरवते. म्हणून विंडोज विकत घ्यावे लागत नाही आणि वेगही फारसा घटत नाही.

खेळांना 3डी ग्राफिक्सची अडचण होती. व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये स्टीम या आपल्या खेळांच्या दुकानात प्रोटॉन आणले. त्यात वाइनच्या जोडीला डीएक्सव्हीके आहे. ते डायरेक्ट3डीच्या आज्ञा लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलते. 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर विंडोजचे खेळ याच प्रोटॉनमुळे चालतात.

ही साधने सांभाळताना 'प्रिफिक्स' ही कल्पना आधी समजून घ्यावी लागते. प्रिफिक्स म्हणजे एक फोल्डर. त्यात विंडोजची सी ड्राइव्ह, रजिस्ट्री आणि बसवलेले प्रोग्राम असतात. काहीच न सांगितल्यास वाइन होम फोल्डरमधल्या लपलेल्या .wine या एकाच प्रिफिक्समध्ये सगळे ठेवते. इथेच घोळ सुरू होतो. एका प्रोग्रामसाठी बदललेली सेटिंग दुसऱ्याला बाधते. लोणच्याच्या एका बरणीत ओला चमचा गेला तर तेवढीच बरणी नासावी, यासाठी प्रत्येक प्रोग्रामला वेगळा प्रिफिक्स द्यावा. असे प्रिफिक्स सांभाळणाऱ्या बॉटल्स या सॉफ्टवेअरचे नावच या बरण्यांच्या कल्पनेवरून पडले आहे. स्टीम तर प्रत्येक खेळाला आपणहून वेगळा प्रिफिक्स देते.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. नवी आवृत्ती बहुधा सुधारलेली असते, पण एखादा चालणारा प्रोग्राम तिच्यामुळे बंदही पडू शकतो. म्हणून जुनी आवृत्ती लगेच काढू नये. बॉटल्समध्ये प्रत्येक प्रिफिक्ससाठी आणि लुट्रिस या खेळ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खेळासाठी वेगळी आवृत्ती निवडता येते. प्रोटॉनअप-क्यूटी वेगवेगळ्या प्रोटॉन आवृत्त्या उतरवून स्टीमच्या compatibilitytools.d फोल्डरमध्ये ठेवते. स्टीम पुन्हा सुरू केल्यावर त्या खेळाच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी विभागात दिसतात. आवृत्ती काढून टाकण्यापूर्वी ती कोणता खेळ वापरतो, ते पाहावे.

कित्येक प्रोग्रामना मायक्रोसॉफ्टचे फाँट, डॉटनेट किंवा व्हिज्युअल सी++च्या लायब्ररी लागतात. वाइनट्रिक्स हे साधन ते सगळे हव्या त्या प्रिफिक्समध्ये बसवते. एका वेळी एकच घटक बसवून प्रोग्राम चालवून पाहावा. नाहीतर कशाने काम झाले आणि कशाने बिघडले, हे उमगत नाही. प्रोग्राम नीट चालू लागला की प्रिफिक्सच्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी. प्रिफिक्स पुसताना आतल्या फाइली आणि खेळांची जतन केलेली प्रगतीही जाऊ शकते.

वाइन म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे. वाइन झेड ड्राइव्हच्या रूपाने लिनक्सची सगळी फाइलव्यवस्था प्रोग्रामपुढे ठेवते. त्यामुळे विंडोजचे घातक सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या फाइलींपर्यंत पोचू शकते. अनोळखी फाइल चालवू नये आणि वाइन कधीही रूट अधिकाराने चालवू नये.

काही मर्यादा मात्र ओलांडता येत नाहीत. विंडोजच्या कर्नलमध्ये शिरणारी फसवणूकविरोधी यंत्रणा असलेले खेळ वाइनवर चालत नाहीत. खास ड्रायव्हर मागणाऱ्या यूएसबी लॉकवरचे जुने डीटीपी सॉफ्टवेअरही बहुधा अडते. अशा सॉफ्टवेअरसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये खरे विंडोज बसवणे हा एक मार्ग उरतो. प्रयत्नापूर्वी वाइनच्या ॲपडीबीवर किंवा खेळांसाठी प्रोटॉनडीबीवर इतरांचे अनुभव पाहिले, तर कोणता प्रोग्राम कितपत चालतो याचा अंदाज येतो.