गोष्ट सांगतो कोण?

दिल्लीजवळ मानेसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भोवतालच्या कासन, अलियर, ढाणा या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले तरुण कामगार तेथे राहतात. परगावी खोली शोधताना पहिला प्रश्न नावाचा असतो. पाठोपाठ आडनावाचा येतो. हा दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात कसा कालवाकालव करतो, हे मराठी कथेने साठ वर्षांपूर्वी दाखवले आहे.

त्याआधीही तरुण वाचकांनी भेदभावाच्या गोष्टी वाचल्या होत्या. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मध्ये एका अस्पृश्य म्हातारीची लाकडांची मोळी उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते आणि नंतर घरी येऊन आंघोळ करायला सांगते. करुणा खरी आहे. पण विटाळाची समजूतही जागच्या जागी आहे. अमेरिकेतील हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीत खोटा आरोप एका कृष्णवर्णीयावर येतो, परंतु कथा सांगते त्याच्या गोऱ्या वकिलाची मुलगी. दोन्ही ठिकाणी अन्याय सोसणारा एक आणि सांगणारा दुसरा.

बाबुराव बागूल यांनी हे अंतर मिटवले. बागूल १९३० साली नाशिक परिसरात जन्मले आणि मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता नष्ट करणारी राज्यघटना लागू होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

शीर्षककथेतील तरुण रेल्वेत नोकरी मिळाल्याच्या आनंदात परगावी येतो. खोलीचा विषय निघताच सोबती जात विचारतो. तरुण चिडतो, मुंबईच्या माणसाला जात विचारता, असे उलट सुनावतो. त्याचा आवेश पाहून समोरचा वरमतो आणि त्याला उच्चवर्णीय समजून बसतो. खोटे बोलावे लागत नाही, गप्प राहणे पुरते.

येथे 'चोरली' या क्रियापदाकडे पाहावे. 'लपवली' म्हणता आले असते. मराठीत आपण अंग चोरतो, नजर चोरतो. म्हणजे जे आपलेच आहे ते आखडून घेतो. शिवाय चोर पकडला जाण्याच्या धास्तीत असतो. शब्दाच्या या दोन्ही छटा कथेत उतरल्या आहेत. कथानायकाला मिळणारा प्रत्येक सन्मान त्याच्या जिवाला घोर लावतो, कारण तो सन्मान त्याचा नसतो.

त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा दलित कामगार आहे. तो जात चोरत नाही. अपमान झाला की उसळून उठतो, प्रसंगी शस्त्र काढतो. त्याचा मार्ग लेखकाने आदर्श म्हणून रंगवलेला नाही; कथानायकालाही त्याची धडकी भरते. तरीही दोघांपैकी मोकळा श्वास कोण घेतो, हे वाचकाने स्वतःशी ठरवायचे आहे.

शेवटी जात उघडी पडते. कालपर्यंत आदराने वागवणारी माणसे कथानायकाला मारतात आणि त्याला सोडवायला धावून येतो तो काशिनाथच. मारणाऱ्यांविषयी विचारल्यावर मात्र कथानायक त्यांना दोष देत नाही. त्याचे बोट थेट मनूकडे जाते.