होडीचा बझर वाजला तर…

माझी नोकरी शेतीखात्याची. भात, नाचणी, आंबा, काजू हा माझा रोजचा विषय. तेव्हा मी होडीच्या इंजिनावर लिहायला बसलो हे पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण कोकणच्या किनाऱ्यावर शेत आणि होडी पुष्कळदा एकाच घरात नांदतात. थोरला भाऊ कलमे राखतो, धाकटा दर्यावर जातो, आणि दोघांचा पैसा एकाच डब्यात पडतो. होडीचे इंजिन मेले की आंब्याची फवारणी थांबते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घाटावरच्या बंधूंनीही पान उलटू नये. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढ्यात तेलाच्या झारीचे चित्र असलेला जो लाल दिवा आहे, तोच हा दिवा. होडीवर त्याच्या जोडीला बझर असतो, इतकाच फरक.

दापोली तालुक्यात खाडीकाठी एक घर आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. मोहोराच्या फवारण्या कशा घ्यायच्या ते सांगायला मी गेलो होतो. अंगणात ताडपत्रीखाली इंजिन उघडून पडलेले. थोरला ओटीवर डोके धरून बसलेला. मी फवारणीचा कागद काढला, तसा तो म्हणाला, "साहेब, औषधाचे पैसे ह्यात गेले. औंदा दोन फवारण्या झाल्या तरी पुष्कळ."

धाकट्याने मग सगळी हकिगत सांगितली. होडीला बैठे डिझेल इंजिन, ट्रकचे इंजिन मरीन करून बसवलेले. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. थोड्याच दिवसांत बझर अधूनमधून वाजू लागला. होडी लाटेवर कलली की दोन सेकंद वाजायचा, सरळ झाली की गप्प. खलाशी वैतागले. गावच्या मेस्त्रीने पाहिले आणि म्हणाला, "वायर लूज आहे, काही नाही." त्याने वायरच काढून चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. बझर गप्प झाला. त्यानंतर चार फेऱ्या ठीक झाल्या. पाचव्या फेरीला परत येताना इंजिनातून ठणठण आवाज आला आणि ते जागच्या जागी पकडले. नांगर टाकला, दुसऱ्या होडीने ओढून आणले. माणसे सुखरूप आली, पण क्रँकशाफ्ट गेला, बेअरिंगे गेली आणि ऐन हंगामातले दीड महिने गेले. (शेत नांगरतो त्यालाही नांगर आणि होडी धरून ठेवतो त्यालाही नांगर. हा शब्द कोकणी माणसाने दोन्हीकडे सारखाच वापरला आहे.)

मी यंत्राचा माणूस नव्हे. दापोलीला बी. एस्सी. करताना ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिने जेवढी शिकलो तेवढेच. पण मेस्त्रीचे ते वाक्य ऐकताच मला शंका आली. ती का आली, हे समजायला हा बझर कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

इंजिनाच्या अंगावर एक लहानसा स्विच आट्यांनी बसवलेला असतो. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो. तेव्हा स्प्रिंग आतले दोन पत्रे जोडून ठेवते आणि बॅटरीचा करंट दिवा व बझरमधून, स्विचमधून, इंजिनाच्या लोखंडात म्हणजे अर्थला जातो. म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो, बझर वाजतो. इंजिन सुरू झाले की तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, पत्रे सुटतात, दिवा विझतो. थोडक्यात, दाब नसला की स्विच जोडलेला आणि दाब आला की तुटलेला.

आता विचार करा. वायर सुटली तर करंट अर्थपर्यंत जाणारच नाही. दिवा लागणार नाही, बझर वाजणार नाही. म्हणजे सुटलेली वायर बझर वाजवत नाही, बझर मुका करते. खोटा बझर वाजायचा तर वायरचे आवरण खरवडून ती कुठेतरी लोखंडाला टेकली पाहिजे, नाहीतर स्विच आतून बिघडला पाहिजे. 'लूज वायर' हे कारण मुळातच बसत नव्हते.

मग होडी कलल्यावरच तो का वाजायचा? उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की काय होते ते आठवा. फूटव्हॉल्व्ह पाण्याच्या वर येतो, पंप हवा ओढतो आणि पाइपातले पाणी गचके देत येते. इंजिनाच्या खालच्या भांड्यात तेल असते. त्यात पंपाची सोंड बुडलेली असते. तेल कमी झाले असेल आणि होडी कलली, तर तेल एका बाजूला जाते, सोंड उघडी पडते, पंप हवा ओढतो. तेवढ्या दोन सेकंदांत दाब कोसळतो आणि बझर वाजतो. होडी सरळ झाली की सगळे ठीक दिसते. तो बझर अगदी खरे बोलत होता. तेल फिल्टरच्या बैठकीतून गळत होते, होडीच्या तळाच्या पाण्यात मिसळत होते आणि पंपाने पाण्याबरोबर बाहेर फेकले जात होते. तेलाची पट्टी कोणी काढून पाहिली नव्हती, कारण तिच्यावर जाळ्यांचा ढीग पडलेला असायचा.

तेलाचा दाब म्हणजे काय, हेही ठिबकवाल्यांना चटकन समजेल. पंप दाब तयार करीत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पुढे वाट अरुंद असते म्हणून दाब येतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट केसाहून बारीक. त्या फटीत तेलाचा पातळ थर राहतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. ठिबकची एखादी नळी उपटली गेली की सगळ्या ओळीचा दाब पडतो ना? तसेच बेअरिंग झिजले की फट मोठी होते, तेल भसाभस निसटते आणि दाब उतरतो. अशा इंजिनाचा दिवा सकाळी, तेल थंड व दाट असताना, गप्प असतो. दुपारी इंजिन तापून तेल पातळ झाले आणि रेस कमी केली की तो लुकलुकतो. रेस वाढवली की पुन्हा विझतो. 'स्लोला लागतो, रेसला जातो' असे म्हणून लोक तो चालवून घेतात. ते इंजिन उतरण्याची वेळ आली आहे असे समजावे. निदान घड्याळ लावून दाब मोजून घ्यावा.

घड्याळ, म्हणजे दाबाचा गेज, ह्याविषयी माझा आग्रह आहे. बझरचा स्विच साधारणपणे पाव ते अर्धा किलो दाबाच्या आसपास जोडला जातो. चांगले इंजिन चालू कामात तीन-चार किलोच्या घरात असते (नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा). म्हणजे दाब चारावरून दोनवर आला, दोनवरून एकवर आला, तरी बझर गप्पच! तो वाजतो तेव्हा गोष्ट शेवटाला आलेली असते. म्हणून बझर वाजल्यावर 'बंदरापर्यंत नेऊ, मग बघू' हे चालत नाही. दाब नसलेले इंजिन भरल्या होडीचा भार ओढत असेल तर मिनिटे, कधी सेकंदच हातात असतात.

तर वाजल्यावर काय करावे? आधी रेस कमी, गिअर न्यूट्रल, आणि एक नजर दिव्याकडे. पुष्कळ इंजिनांना बझर एकच असतो, पण दिवे दोन: एक तेलाचा, एक तापाचा. तेलाचा असेल तर लगेच इंजिन बंद करा. नवीन खलाशांना सांगून ठेवा की जुन्या डिझेल इंजिनांत नुसती चावी काढून इंजिन थांबत नाही, बंद करण्याचा दांडा ओढावा लागतो. मग नांगर टाका. याला एकच अपवाद मी मानतो. खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असतील आणि खडक जवळ असेल, तर आधी माणसे वाचवावीत. इंजिन गेले तर जाऊ द्यावे, त्याचा हिशेब पुढे होतो. ते ठरवणे तांडेलाचे काम, माझ्यासारख्याने काठावरून सांगण्याचे नव्हे.

इंजिन थांबल्यावर तेल खाली उतरू द्या आणि पट्टी पाहा. होडी झुलत असली तर दोन-तीनदा पाहा. तेल कमी असेल तर गळती कुठे आहे ते शोधा. फिल्टर, पाइपांचे जोड आणि खुद्द तो स्विचही, कारण जुने स्विच स्वतःच गळू लागतात. होडीच्या तळाच्या पाण्यावर रंगीत तवंग आहे का ते बघा. तेल खुणेच्या वर गेले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात उतरून ते पातळ झाले आहे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि होडीवर ते बहुधा खारे पाणी असते. या दोन्ही प्रकारांत इंजिन पुन्हा चालू करू नये, दुसरी होडी बोलवावी. नुसते तेलच कमी होते आणि गळती आवरली, तर खुणेपर्यंत तेल भरून चालू करून पाहा. काही सेकंदांत दिवा विझला नाही तर पुन्हा बंद. पाच लिटर तेल, एक फिल्टर आणि एक स्विच होडीवर कायम असावा. सगळ्यांची मिळून किंमत क्रँकशाफ्टच्या पुढे काहीच नाही.

पट्टी वगैरे सारे ठीक आहे, पण दिवा लागलेलाच राहतो, असेही होते. तेव्हा मेस्त्रीने दोन गोष्टी कराव्यात. चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्विचवरची वायर काढावी. तरी दिवा लागलेला असेल तर वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. विझला तर वायर बरी. मग स्विच काढून त्याच्या जागी गेज लावावा आणि इंजिन चालू करून दाब मोजावा. गेज चांगला दाब दाखवील तर स्विच बदलावा. नवीन स्विच बसवताना आट्यांना टेप गुंडाळू नये. एका वायरीचा स्विच आट्यांतूनच अर्थ घेतो, टेप जाड झाली तर बझर कायमचा मुका. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी बुरशी चढते, तिनेही तेच होते. ती घासून ग्रीस लावत जावे.

रोजची तपासणी तर कानांनीच होते. चावी फिरवली आणि बझर वाजला नाही, तर ते चांगले लक्षण नव्हे. ती वायर स्विचवरून काढून इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवून पाहा. आता वाजला तर स्विच खराब. नाही वाजला तर वायर, दिवा किंवा फ्यूज. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे करून पाहावे. बल्ब गेलेला दिवा घेऊन वर्षानुवर्षे नांगरट करणारे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत.

जून-जुलैच्या बंदीत होडी वर काढताना जुने तेल तसेच ठेवू नये. वापरलेल्या तेलात आम्ल झालेले असते, ते दोन महिने बेअरिंगला लागून राहते. वर काढण्याआधीच तेल-फिल्टर बदलून इंजिन थोडे चालवून ठेवावे. पुन्हा पाण्यात नेताना बंद करण्याचा दांडा ओढून धरावा आणि दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, म्हणजे तेल वर चढल्यावरच इंजिन पेटेल.

त्या घरी मी पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा होडीवर नवा गेज बसला होता. धाकट्याने मला दाखवायला चावी फिरवली. बझर इतका कर्कश की त्यांची म्हातारी आई पडवीतून ओरडली, "अरे, बंद कर ते!" थोरला म्हणाला, "वाजू दे आये, वाजू दे." मग आम्ही कलमांकडे गेलो.