लायसन्स रद्द झालेल्या चालकाने धडक दिली, तर विम्याचे पैसे मिळतात का?

अपघातातून वाचलेला रुग्ण वॉर्डमध्ये स्थिरावला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न प्रकृतीबद्दल असतो आणि दुसरा खर्चाबद्दल. त्यातच पोलिसांकडून कळतं की धडक देणाऱ्या चालकाचं लायसन्स निलंबित होतं, किंवा न्यायालयाने त्याला गाडी चालवण्यास अपात्र ठरवलं होतं. मग कोणीतरी सांगतं, "त्याच्याकडे लायसन्सच नाही, म्हणजे विमा कंपनी एक रुपयाही देणार नाही. जे मिळतंय ते घ्या आणि मिटवा." घाबरलेलं कुटुंब दहा-वीस हजार रुपये घेतं आणि कागदावर सही करून मोकळं होतं. पुढे शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि बुडालेल्या मजुरीचा हिशोब लाखांत जातो.

चालक अपात्र होता म्हणून तुमचा हक्क संपत नाही. तो टिकवण्यासाठी काय करायचं, ते एक डॉक्टर म्हणून मला जे रोज दिसतं त्या आधारे सांगतो.

आधी जीव, मग कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातग्रस्तावर तातडीने उपचार करणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. त्यासाठी पोलिसांची किंवा कागदपत्रांची वाट पाहायची नसते. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लावा.

"फारसं लागलं नाही" म्हणून घरी जाऊ नका. डोक्याला मार लागल्यावर मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी, वृद्धांमध्ये तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही लक्षात येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, हातापायात अशक्तपणा, झटका, पोटात वाढणारं दुखणं, श्वास घ्यायला त्रास किंवा लघवीत रक्त दिसलं, तर लगेच रुग्णालय गाठा.

लवकर तपासणी करून घेण्याचा दुसरा फायदा दाव्यासाठी असतो. अपघातानंतर चार दिवसांनी दाखवलेली दुखापत "अपघाताचीच कशावरून?" असा प्रश्न हमखास विचारला जातो.

केसपेपरवर काय लिहिलं जातं, ते ऐका

दावे सर्वांत जास्त कुठे अडकतात, तर केसपेपरच्या पहिल्या चार ओळींत. पोलिसांचं लफडं नको म्हणून नातेवाईक सांगतात, "गाडीवरून घसरून पडला." डॉक्टर ऐकलेलं लिहून घेतात. पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधिकरणासमोर ठेवतो आणि विचारतो, "दुसरी गाडी होतीच कुठे?"

म्हणून जे घडलं तेच सांगा: तारीख, वेळ, जागा, "मागून कारने धडक दिली", माहीत असल्यास गाडीचा नंबर. रस्ता अपघात ही एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक केस असते. रुग्णालय तिची नोंद करून पोलिसांना कळवतं. एमएलसी क्रमांक लिहून घ्या. रुग्णाने दारू घेतली असेल तर तेही लपवू नका. उपचारांसाठी ती माहिती लागते, आणि खोटं पुढे उघडं पडलं की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

जखमेच्या दाखल्यात दुखापत "साधी" की "गंभीर" हे लिहिलेलं असतं. हाड मोडणं, दात तुटणं किंवा निखळणं, डोळा वा कान कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं या कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापती आहेत. सुरुवातीला साधी वाटलेली इजा एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघाली, तर तो अहवाल पोलिसांच्या कागदपत्रांत गेला आहे ना, याची खात्री करा.

लगेचचा खर्च कुठून भागवायचा?

नुकसानभरपाईचा दावा महिने, कधी वर्षं चालतो. बिल मात्र आज भरायचं असतं. त्यासाठी हे मार्ग पाहा.

केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना: मे २०२५ पासून लागू झालेल्या या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. धडक देणाऱ्याचं लायसन्स वैध होतं की नाही, यावर ते अवलंबून नाही. दाखल होतानाच बिलिंग विभागात विचारा आणि पोलिसांना कळवलं गेलं आहे ना, हे पाहा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: योजनेतील रुग्णालय असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

तुमचा स्वतःचा मेडिक्लेम: समोरच्या चालकाच्या लायसन्सशी या पॉलिसीचा संबंध नाही. कंपनी किंवा टीपीए एमएलसी अथवा एफआयआरची प्रत मागेल, ती द्या. मेडिक्लेम घेतला तर न्यायाधिकरणाकडून मिळणारी रक्कम कापली जाईल, ही भीती अनेकांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं की, मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या नुकसानभरपाईतून वजा करता येणार नाही. ती पॉलिसी तुम्ही हप्ते भरून घेतलेली असते.

वैयक्तिक अपघात संरक्षण: जखमी व्यक्ती स्वतःच्या नावावरची गाडी चालवत असेल, तर तिच्या पॉलिसीसोबतचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तपासा. ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतं. मात्र इथे जखमी व्यक्तीचं स्वतःचं लायसन्स वैध असावं लागतं.

अपात्र चालक आणि विमा कंपनी: कायदा काय म्हणतो?

प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. या करारात गाडीमालक आणि विमा कंपनी हे दोन पक्ष असतात. ज्याला धडक बसली तो पादचारी, सायकलस्वार किंवा दुसऱ्या गाडीतला माणूस हा तिसरा. त्याचं रक्षण करण्यासाठीच ही सक्ती आहे.

लायसन्स नसलेल्या किंवा अपात्र ठरवलेल्या व्यक्तीने गाडी चालवली, तर पॉलिसीची अट मोडते आणि त्या मुद्द्यावर बचाव करण्याची मुभा कायदा विमा कंपनीला देतो. लोक इथपर्यंतच ऐकतात. पुढचा भाग असा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात सांगितलं की, चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनी सुटत नाही. गाडीमालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अशा माणसाच्या हाती गाडी दिली, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं तरी न्यायालयं बहुतेक वेळा कंपनीला "आधी जखमीला पैसे द्या, मग ते मालकाकडून वसूल करा" असा आदेश देतात. म्हणजे कंपनी आणि मालक यांचं भांडण त्यांच्यात राहतं आणि तुमचे पैसे त्यासाठी थांबत नाहीत.

मात्र हा आदेश आपोआप मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत या कलमांची रचना बदलली आहे आणि कंपन्या त्यावर वाद घालतात. म्हणून दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही पक्षकार करा आणि "आधी भरा, मग वसूल करा" ही मागणी वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या. धडक देणाऱ्याच गाडीत किंवा दुचाकीवर मागे बसलेल्यांसाठी आणि मालवाहू गाडीतून प्रवास करणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. त्यांनी पॉलिसीची प्रत वकिलाला दाखवावी.

चालक अपात्र होता हे शोधून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. पोलीस आरटीओच्या नोंदींतून ते तपासतात. अपात्र असताना गाडी चालवणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे.

आणखी एक शंका नेहमी येते: "आमच्या मुलाकडेही लायसन्स नव्हतं, मग?" चूक समोरच्याची असेल, तर केवळ लायसन्स नव्हतं म्हणून जखमीला अपघाताला जबाबदार धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं आहे.

दावा कुठे आणि कधी?

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात. अपघात कोल्हापूरला झाला आणि तुम्ही ठाण्यात राहत असाल, तर ठाण्यातही दावा करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असताना सहा महिने कसे जातात ते कळत नाही, म्हणून डिस्चार्जनंतर पहिल्या महिन्यातच वकील गाठा. मुदत उलटली असेल तरी परस्पर आशा सोडू नका, वकिलाला विचारा.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यात गाडीच्या विम्याची आणि चालकाच्या लायसन्सची माहिती येते. त्याची प्रत मागून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची सरकारी मदत आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा. गाडी सापडली पण तिचा विमा नसेल, तर भरपाईची जबाबदारी मालक आणि चालकावर येते.

तडजोडीची घाई का नको?

कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. तो स्वीकारणं तुमच्यावर बंधनकारक नाही. चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. कमी इजा असेल तर हा मार्ग सोयीचा आहे. कमावत्या माणसाचा पाय कायमचा अधू होणार असेल, तर तोट्याचा आहे.

इथे वैद्यकीय बाजू महत्त्वाची ठरते. मांडीचं हाड मोडल्यावर पहिल्या महिन्यात कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही की गुडघा किती वाकेल. हाड जुळायला काही महिने लागतात. कधी ते जुळत नाही आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. डोक्याच्या दुखापतीनंतर विसरभोळेपणा, चिडचिड, झोप न लागणं हे घरी गेल्यावर जाणवतं. अपंगत्वाचं खरं मोजमाप उपचार पूर्ण होऊन प्रकृती स्थिर झाल्यावरच होतं. त्याआधी ठरवलेली रक्कम अंदाजावर असते, आणि तो अंदाज सहसा तुमच्या बाजूने नसतो.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयासारख्या अधिकृत संस्थेतून घ्या. त्यातला आकडा समजून घ्या. "उजव्या पायाचं ४० टक्के अपंगत्व" म्हणजे पूर्ण शरीराचं ४० टक्के नव्हे. कमाईवर होणारा परिणाम तर आणखी वेगळा असतो. तोच पाय अधू झाल्यावर टेबलावर काम करणारा कारकून नोकरी टिकवू शकतो, पण हमालाचं काम थांबतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार प्रकरणात हाच फरक मान्य केला आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांना तुमचं काम नेमकं सांगा: किती वजन उचलता, किती तास उभे राहता, जिने चढता का. ते नोंदीत आलं, तर डॉक्टरांची साक्ष ठोस होते.

एक फाइल करा

पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये हे ठेवा:

- एफआयआर, पंचनामा, एमएलसी क्रमांक, जखमेचा दाखला
- केसपेपर, डिस्चार्ज समरी, एक्स-रे, सीटी स्कॅन आणि त्यांचे अहवाल
- औषधं, फिजिओथेरपी, कुबड्या, रुग्णवाहिका, रिक्षा यांची बिलं
- पगारपत्रक, बँक पासबुक किंवा मालकाचं पत्र; कामावर न गेलेल्या दिवसांची नोंद
- घरच्या कोणी काम सोडून सेवा केली असेल, तर त्याच्या तारखा
- मूळ कागद कोणालाही देताना झेरॉक्स आणि पोच

आणि हे टाळा: कोऱ्या कागदावर सही, "आमची काही तक्रार नाही" असं लिहून देणं, रुग्णालयाबाहेर भेटणाऱ्या अनोळखी दलालाला वकीलपत्र देणं, फॉलोअपच्या तारखा चुकवणं. फॉलोअप थांबला की कंपनी म्हणते, "रुग्ण बरा झाला होता."

अपघातानंतर काही आठवड्यांनीही रस्ता ओलांडताना धडधड होत असेल, तो प्रसंग सतत डोळ्यांसमोर येत असेल किंवा झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. हा मानसिक आघात आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो अपघाताच्या दुखापतीचाच भाग आहे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकरणात उपचारांबाबत तुमच्या डॉक्टरांचा आणि दाव्याबाबत वकिलाचा सल्ला घ्या.