वीस सेकंदांची किंमत एक फेरी

चोवीस तासांच्या माऊंटन बाईक सांघिक शर्यतीचे घड्याळ सहसा शनिवारी दुपारी बारा वाजता सुरू होते आणि रविवारी दुपारी बारापर्यंत ते कोणासाठीही थांबत नाही. संघ बहुधा चार किंवा पाच जणांचा असतो. मार्गावर एका वेळी एकच सायकलस्वार असतो. तो ठरलेली फेरी पूर्ण करून परततो आणि पुढचा स्वार निघतो. ज्या संघाच्या फेऱ्या अधिक, तो विजयी. फेऱ्या समान असतील, तर ज्याने शेवटची फेरी आधी संपविली, तो पुढे. नियम इतका सोपा असूनही अनेकदा या शर्यतींचा निकाल डोंगरातील चढणीवर न लागता, स्वार बदलण्याच्या तंबूत लागतो.

हा प्रकार रूढ झाला तो अमेरिकेत. लेअर्ड नाईट यांनी १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कनेन खोऱ्यात चोवीस तासांची सांघिक शर्यत भरविली आणि पुढे युटा राज्यातील मोआब, तसेच ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियातही तिचे अनुकरण झाले. ॲरिझोना राज्यात टुसान शहराजवळच्या वाळवंटात होणारी ‘२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो’ ही या कुळातील एक नामांकित शर्यत. तिची फेरी सुमारे २६ किलोमीटरची. निष्णात स्वार ती तासाभरात संपवितो, हौशी स्वाराला दीड-दोन तासही लागतात. शर्यतीसाठी ओसाड माळावर दोन-तीन दिवसांपुरते तंबूंचे गावच वसते.

या शर्यतींची सुरुवात अनेक ठिकाणी ‘ल मान्स’ पद्धतीने होते, म्हणजे स्वारांनी आधी काही अंतर पायी धावायचे आणि मग आपली सायकल गाठायची. फ्रान्समधील ल मान्सच्या मोटार शर्यतीत चालक असेच धावत गाडीकडे जात. सुरक्षा पट्टा न बांधताच गाडी पळविण्याचा मोह त्यामुळे होत असल्याने १९६९ नंतर तेथे ही प्रथा बंद झाली. सायकलवाल्यांनी मात्र ती टिकविली, कारण धावण्यामुळे शेकडो स्वारांची रांग आपोआप लांबते आणि अरुंद पायवाटेच्या तोंडाशी कोंडी होत नाही.

आता मूळ मुद्दा. स्वार बदलला हे पंचांना कसे कळते? जुनी पद्धत बॅटनची. येणाऱ्याने हातातील दांडी पुढच्याच्या हाती द्यायची आणि टेबलाशी बसलेल्या पंचांनी क्रमांक व वेळ वहीत टिपायची. दुसरी पद्धत स्पर्शाची. आपल्याकडील खो-खो खेळलेल्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको; खो मिळण्याआधी उठणे हा जसा फाउल, तसेच येथे साथीदाराचा हात लागण्याआधी निघणे हा फाउल. तिसरी पद्धत इलेक्ट्रॉनिक चिपची. घोट्याला पट्टीने बांधलेली किंवा सायकलवर बसविलेली चिप जमिनीवर अंथरलेल्या चटईवरून गेली, की चटईतील अँटेनाला तिचा क्रमांक मिळतो आणि संगणक वेळ नोंदवितो.

चिप आली म्हणून प्रश्न संपला असे नाही. संपूर्ण संघाला एकच चिप दिली, तर तीच बॅटनचे काम करते आणि दोन स्वार एकाच वेळी मार्गावर असण्याची शक्यता उरत नाही. पण पहाटेच्या थंडीत, हातमोजे घातलेल्या बधिर बोटांनी एकाच्या घोट्यावरची पट्टी सोडवून दुसऱ्याच्या घोट्यावर बांधायला वेळ जातो. प्रत्येकाला स्वतंत्र चिप दिली, तर तो वेळ वाचतो. मात्र पहिला परतण्याआधी दुसरा निसटू नये म्हणून तंबूत डोळ्यांत तेल घालून पाहणारा पंच लागतो. चिखलाने माखलेली किंवा सैल झालेली चिप कधी वाचलीच जात नाही. म्हणून शहाणे आयोजक संगणकाच्या जोडीला वही-पेन्सिल ठेवतात आणि शहाणा संघनायकही स्वतःच्या वहीत प्रत्येक फेरीची वेळ लिहितो. तक्रार करायची वेळ आली, तर ती वही फार उपयोगी पडते.

हे थोडे सेकंद महत्त्वाचे कसे, ते एका हिशेबाने पाहू. समजा, एका संघाची सरासरी फेरी ६२ मिनिटांची आहे. २३ फेऱ्यांना १४२६ मिनिटे, म्हणजे २३ तास ४६ मिनिटे लागतील. तेवढ्या फेऱ्यांत २२ वेळा स्वार बदलेल. प्रत्येक बदलाला २० सेकंद लागले, तर एकूण ७ मिनिटे २० सेकंद खर्ची पडतील आणि तेविसावी फेरी रविवारी ११ वाजून ५३ मिनिटांनी संपेल. बाराच्या आत सुरू झालेली फेरी धरली जात असेल, तर चोविसाव्या फेरीला स्वार पाठविता येईल. आता बदलाला ४५ सेकंद लागतात असे धरा. एकूण साडेसोळा मिनिटे गेली आणि संघ १२ वाजून अडीच मिनिटांनी पोहोचला. चोविसावी फेरी हातची गेली. दोन्ही संघांचे पाय सारखेच वेगवान होते, हे लक्षात घ्यावे.

प्रत्यक्षात मोठे नुकसान या सेकंदांतही नसते. ते असते पुढचा स्वार जागेवर नसण्यात. दमलेला साथीदार तंबूत येऊन नावाने हाका मारतो आहे आणि पुढचा अजून झोपेच्या पिशवीत आहे, हे दृश्य या शर्यतींना नवे नाही. अशा एका चुकीत वीस मिनिटेही सहज जातात. वर वाचविलेले सगळे सेकंद त्यात वाहून जातात. म्हणून अनुभवी संघ येण्याच्या वेळेचा अंदाज फळ्यावर लिहितो आणि तो दर फेरीला सुधारतो. अंधार पडला, की फेरी काही मिनिटांनी लांबते, पहाटे आणखी लांबते. म्हणून दिवसाच्या वेळेवर रात्रीचा अंदाज बांधून चालत नाही. पुढचा स्वार अंदाजाच्या दहा मिनिटे आधी तंबूत हजर हवा, मात्र तासभर आधी नव्हे. थंडीत ताटकळलेले स्नायू पहिल्याच चढावर असहकार पुकारतात.

झोपेतून उठताक्षणी माणूस पूर्ण जागा नसतो, हेही विसरून चालत नाही. उठल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटे प्रतिक्रिया मंद असतात आणि पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या सुस्तीचा काळ. अशा अवस्थेत दगडगोट्यांच्या उतारावर जाणे म्हणजे हात मोडून घेण्याची तयारी. त्यामुळे उठविण्याचे काम गजरावर न सोपविता माणसावर सोपवावे लागते आणि तो माणूस बहुधा संघातील न धावणारा, चहा-जेवण पाहणारा सोबती असतो. निकालपत्रात त्याचे नाव नसते.

रात्री प्रत्येकाने एक फेरी करावी की सलग दोन, यावर संघांत खल चालतो. चौघांच्या संघात एकेक फेरी केली, तर दोन पाळ्यांच्या मध्ये तीन तास मिळतात. त्यातून खाणे, कपडे बदलणे, सायकलची साखळी साफ करणे आणि तयारी वजा केली, तर झोप दीड तासही होत नाही. सलग दोन फेऱ्या केल्यास मधला अवकाश सहा तासांचा होतो. दुसरी फेरी थोडी संथ होते आणि दिव्याची बॅटरी तेवढी टिकायला हवी, हे खरे. पण बदल निम्म्यावर येतात आणि सलग चार तास झोप मिळते. अव्वल संघांना एकेक फेरीच परवडते. हौशी संघांनी मात्र मध्यरात्रीनंतर दुहेरी पाळी लावणे अधिक शहाणपणाचे ठरावे.

वाटेत सायकल मोडली, तर बहुतेक ठिकाणी साथीदाराला मदतीस जाता येत नाही. स्वाराने सायकल ढकलत, प्रसंगी खांद्यावर घेऊन, स्वतःच तंबू गाठायचा. तोपर्यंत संघ थांबलेलाच.

सर्वांत रंजक वेळ शेवटच्या तासाची. काही स्पर्धांत बाराच्या आत संपलेलीच फेरी धरतात. तेथे १२ वाजून १ मिनिटाने आलेल्याची मेहनत वाया जाते. काही ठिकाणी बाराच्या आत सुरू झालेली फेरी ठरावीक मुदतीत संपविली, तर धरतात. या दुसऱ्या नियमात खरी बुद्धिबळाची खेळी आहे. आघाडीचा संघ ११ वाजून ५० मिनिटांनी आला आणि जिंकलो असे समजून थांबला. मागचा संघ तितक्याच फेऱ्या संपवून ११ वाजून ५६ मिनिटांनी आला आणि त्याने स्वार पाठविला, तर एका फेरीने विजय मागच्याचा. म्हणून आघाडीच्या संघाचा एक स्वार हेल्मेट घालून बाराच्या ठोक्यापर्यंत रेषेवर उभा असतो. प्रतिस्पर्धी बाराच्या आत दिसला नाही, तर तो हेल्मेट काढतो. दिसला, तर निघतो. बारा वाजल्यानंतर रेषा ओलांडली तरच शर्यत संपली, असे जेथे मानतात, तेथे तर थकलेले स्वार रेषेच्या अलीकडे सायकल टेकवून घड्याळाकडे पाहत उभे असलेले दिसतात.

सगळ्याच सांघिक शर्यतींत बदल असतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या केप एपिकमध्ये दोघांचा संघ एकत्रच सायकल चालवितो. दोघांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये आणि वेळ धरली जाते ती मागून येणाऱ्याची. उलट, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या रस्त्यावरील शर्यतीत बदलाला ठरलेली जागाच नाही. सोबतच्या गाडीतून उतरून संघ सोयीने स्वार बदलतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, तेव्हा एक सायकलवर असताना दुसऱ्याने गाडीत किती आणि कधी झोपायचे, हाच हिशेब त्यांच्याही पुढे होता.