दुसरा गिअर का ओरडतो?

कर्रर्र... असा आवाज करत गेल्या उन्हाळ्यात एक जुनी मोटार वर्धेच्या एका गॅरेजात येऊन थांबली. प्रीमियर पद्मिनी! इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीच्या नमुन्यावर १९६४ पासून मुंबईच्या कुर्ल्यात या गाड्या बनायच्या. २००० च्या सुमारास त्या बंद झाल्या. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे सुटे भाग मिळायची मारामार. मालक वैतागले होते. "या खेपेला नाही जमलं, तर भंगारात!"

मुलांनो, गिअर कशाला लागतात? दहा दात्यांचं चाक तीस दात्यांच्या चाकाला फिरवतं, तेव्हा लहान चाकाचे तीन फेरे झाले की मोठ्याचा एक होतो. वेग कमी होतो, पण जोर तिप्पट. गिअरच्या सायकलवर चढ चढताना हेच तर करता!

गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग जोडायचे असतात. नुसते भिडवले तर दाते एकमेकांवर घासतात. म्हणून मध्ये पितळेची एक कडी असते, सिंक्रो रिंग. ती आधी घासून दोघांचा वेग सारखा करते, मगच दाते अडकतात. ही युक्ती १९२८ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीत पहिल्यांदा आली. पद्मिनीची दुसऱ्या गिअरची कडी झिजून गुळगुळीत झाली होती.

मिस्त्रींनी गाडी घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते कोणालाच जाऊ देत नाहीत. तेल काढलं, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवला आणि गिअरबॉक्स खाली घेतला. तो उघडून रॉकेलने धुतला. कडी मात्र वर्धेत मिळेना. शेवटी नागपूरच्या जुन्या मालातून एक चांगली निघाली.

खरी गंमत पुढेच. इंजिनाच्या जड चाकावर क्लच प्लेट दाबून बसवतात. तिच्या मधल्या भोकातून गिअरबॉक्सचा दांडा जायला हवा. त्यासाठी मिस्त्रींकडे लाकडाची गोल खुंटी आहे. भोकात खुंटी ठेवून बोल्ट आवळायचे, मग ती काढायची. मदतीला आलेल्या आयटीआयच्या पोराने घाईत खुंटी आधीच काढली. प्लेट जराशी सरकली. झालं! गिअरबॉक्स दोन बोटं बाहेरच अडला.

"बोल्ट आवळून ओढतो ना!" पोरगा म्हणाला.

"काहून? कव्हर फुटलं त कुठून आणशीन? उतरव खाली!"

मे महिन्याचं वर्धेचं ऊन! तो जड डबा पुन्हा खाली आला. पोराचा चेहरा एवढासा झाला. मिस्त्री रागावले नाहीत. खुंटी मात्र त्याच्याच हातात दिली. त्याने बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, शेवटी खुंटी काढली. या वेळी गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच आत सरकला.

तेल भरून गाडी रस्त्यावर काढली. स्टिअरिंगखालच्या दांड्याने दुसरा गिअर पडला, आवाज नाही. तिसरा, चौथा, सगळं गुपचूप! परत वळताना मालकांनी गाडी पुरती थांबायच्या आधीच पहिला टाकला आणि... कर्रर्र!

मालक दचकले. मिस्त्री हसले. "पहिल्याला कडी नसतेच, साहेब. गाडी थांबू द्या, मग टाका."