खेळयंत्रांतून महासंगणक : समांतर संगणनाचा धडा
महासंगणक म्हणजे केवळ एक अतिवेगवान यंत्र नव्हे. एका प्रश्नाचे भाग पाडून ते अनेक प्रोसेसरांकडून एकाच वेळी सोडवून घेणारी ती रचना होय. अमेरिकेने प्रगत महासंगणक नाकारल्यानंतर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये आयात ट्रान्सप्युटर चिप जोडून ‘परम ८०००’ याच तत्त्वावर उभारला. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७०० हून अधिक ‘प्लेस्टेशन ३’ खेळयंत्रे जोडून ‘काँडोर’ महासंगणक सिद्ध केला. खेळातील चित्रांसाठी लागणारी वेगवान आकडेमोड संशोधनासही उपयोगी पडली. मात्र त्याच वर्षी सोनी कंपनीने या यंत्रांवर लिनक्स चालविण्याची सोय काढून घेतली. यंत्रे स्वस्त मिळतात. परंतु त्यांवरील नियंत्रण उत्पादकाकडेच राहिल्यास संशोधन परावलंबी ठरते. ‘परम’चा जन्म अशाच परावलंबनातून सुटण्यासाठी झाला होता.