मिरचीची मर आणि माझी चूक



यंदा जुलैमध्ये सहावीच्या मुलांनी शाळेच्या बागेत मिरचीची ४० रोपे लावली. सप्टेंबरअखेर त्यांतली काही रोपे दुपारी माना टाकू लागली. मुले विचारायला आली, तेव्हा "तहान लागली असेल, पाणी वाढवा" असे मीच सांगितले. दोन आठवड्यांत ११ रोपे वाळली. माती तर ओलीच होती! माझा सल्ला चुकला होता. का चुकला, ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

या रोगाला मराठीत 'मर' म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाल्यामुळे मला 'उकठा' हेच नाव ठाऊक होते. आपल्या शेजारच्या निमाडात, खरगोनकडे, मिरची हे मोठे पीक आहे. तिकडे शेती असलेल्या पालकांना हा रोग नवा नाही.

फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. त्यामुळे ओल्या मातीतही झाड तहानेने मरते. खालची पाने आधी पिवळी पडतात. खोड उभे चिरले, तर आत तपकिरी रेषा दिसतात. पाणी साचले की मुळे कमजोर होतात आणि रोगाला वाट मिळते.

मर जिवाणूंमुळेही होते. ती ओळखण्याचा प्रयोग सोपा आहे. खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरावा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरले, तर रोग जिवाणूंचा समजावा. त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. आपल्या रोपांतून असे धागे आले नाहीत. खोड आतून तपकिरी होते.

एका पालकांनी आपुलकीने बुरशीनाशक ओतण्याचे सुचवले. पण नलिका बंद झालेले झाड औषधाने परत उभे राहत नाही. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय कार्बेन्डाझिमसारखे औषध मातीतल्या उपयोगी बुरशीलाही मारते. आणि या वाफ्यात मुले उघड्या हातांनी काम करतात.

म्हणून मरीवर खरा इलाज लागवडीपूर्वीच करायचा असतो:

१. रोगट रोप मुळासकट उपटून जाळावे. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये.

२. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरावे, कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. उन्हाने तापलेल्या मातीत वरच्या थरातील बरीच रोगबीजे मरतात. इस्रायलमधील शास्त्रज्ञ काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. माळव्याचे ऊन आपल्याला फुकटच मिळते!

३. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगकारक बुरशीवर जगते. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत १५ दिवस पोत्याने झाकावे आणि मग मातीत घालावे. पाकिटावरील मुदत अवश्य पाहावी. ती जिवंत वस्तू आहे. मुदत संपलेले पाकीट म्हणजे नुसती पूड.

४. गादीवाफे करावेत, पाणी साचू देऊ नये. लागवडीपूर्वी निंबोळी पेंड घालावी.

५. किमान तीन वर्षे त्या जागी मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा लावू नये. मका किंवा ज्वारी घ्यावी.

यातला कोणताही एक उपाय एकटा पुरा पडत नाही. सगळे मिळून रोग आटोक्यात ठेवतात, समूळ नष्ट करत नाहीत, हेही मुलांना स्पष्ट सांगितले आहे.

विश्वस्त मंडळींना विनंती, की उन्हाळ्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा छोटा खर्च मंजूर करावा आणि सुट्टीत माळीकाकांना त्या वाफ्याकडे लक्ष ठेवण्यास सांगावे.

वाचलेल्या २९ रोपांच्या मिरच्या मुलांनी घरी नेल्या. त्या वाफ्यात पुन्हा मिरची लागेल, तेव्हा ही मुले नववीत असतील. सहावीच्या नव्या मुलांना "आधी माती बघा, मग पाणी घाला" असे तीच सांगतील, अशी मला खात्री आहे.

— मुख्याध्यापक